सांबार जरा कमी आहे

अटलांटाला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाग आली ती भुकेनं. 2006 सालचा मार्च. माझ्या पोटात अजून पुण्याचं घड्याळ चालू होतं आणि त्यात दुपारचे चार वाजले होते. म्हणजे चहा-बिस्किटांची वेळ. कंपनीनं उतरवलेल्या जागेच्या शेजारीच न्याहारीचं एक छोटं दुकान होतं. आत गेले. भिंतीवरच्या पाटीवर सगळ्यात वर लिहिलं होतं, 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही'.

पाटी दोनदा वाचली. बिस्किट्स कळलं, ग्रेव्ही कळलं, मधल्या 'अँड'चा अर्थ मात्र लागेना. पनीर बटर मसाल्याच्या वाटीत पार्ले-जी बुडवून खाणारा माणूस डोळ्यांपुढे आला आणि मी घाईघाईनं ठरवलं, ग्रेव्ही नको. नुसता चहा आणि दोन बिस्किटं.

काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, "स्वीट ऑर अनस्वीट?" मला वाटलं बिस्किटांचं विचारतायत, गोड की खारी. म्हटलं, स्वीट. त्यांनी ट्रे पुढे सरकवला. त्यात हातभर उंच ग्लास, ग्लासात बर्फ आणि पाकासारखा गोड थंडगार कोरा चहा. शेजारी कागदावर मुठीएवढे दोन मऊ, वाफाळते गोळे, आपल्या पावाचे मावसभाऊ शोभावेत असे. मी ट्रे घेतला आणि तिथेच उभी राहिले. मागे रांग वाढायला लागली. बाईंनी प्रेमानं विचारलं, आणखी काही हवंय का? मी म्हटलं, "माझी बिस्किटं."

त्यांनी गोळ्यांकडे बोट दाखवलं.

अमेरिकेच्या दक्षिणेत नुसतं 'टी' म्हटलं की बहुतेक वेळा थंड चहा येतो, आणि तोही गोड. गरम पाहिजे तर 'हॉट टी' असं स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे कुणी 'गरम चहा द्या' म्हणालं तर टपरीवाला अपमान समजेल. आणि बिस्किट म्हणजे मैदा, बेकिंग पावडर, ताक आणि लोणी यांचा मऊ, पापुद्रे सुटणारा गोळा. त्यावर ओतायची ग्रेव्ही पांढरी असते. डुकराच्या सॉसेजमधून सुटलेल्या चरबीत पीठ परतून, दूध आणि मिरपूड घालून केलेली. त्या दिवशी 'ग्रेव्ही नको' म्हणाले ही कुठल्या तरी जन्मीची पुण्याई. त्या गोळ्यांत कधी कधी लोण्याऐवजी डुकराचीच चरबी घालतात हे मला तीन आठवड्यांनी कळलं. ते आईला अजून सांगितलेलं नाही.

बाबांना मात्र त्याच रात्री कॉलिंग कार्डावरून फोन करून सगळं सांगितलं. माझे बाबा अमरावतीच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. इंग्रजी एकच असतं आणि चुका अनेक असतात, हा त्यांचा सिद्धांत. वांग्याला ब्रिंजल, भेंडीला लेडीज फिंगर, दह्याला कर्ड आणि ढोबळी मिरचीला कॅप्सिकम हे त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं होतं. स्पेलिंग चुकलं तर दहा वेळा लिहायचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "त्या बाईचं इंग्रजी कच्चं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच उलटा फोन आला. आयएसडी! म्हणजे प्रकरण गंभीर होतं. शब्दकोश काढून बसले होते. बिस्किट या शब्दाचं मूळ 'दोनदा भाजलेलं'. "दोनदा भाजलेलं मऊ कसं राहील? म्हणजे तिकडचं ते बिस्किट नव्हेच. पण आपलंही एकदाच भाजतात ना वं?" थोडा वेळ पलीकडून नुसती खरखर. मग म्हणाले, "या हिशेबानं जगात खरं बिस्किट एकच. आपल्या बेकरीतला टोस्ट."

पुढचे काही महिने मी इंग्रजी येणारी उपाशी मुलगी होते. एकदा ऑफिसच्या जेवणाला आम्ही दहा-बारा जण चांगल्या ठिकाणी गेलो. मी सूप मागवलं. वेटरनं वहीत डोकं घालून विचारलं, "अँड फॉर युअर आंत्रे?" शब्द फ्रेंच, पण मी अमरावतीची हुशार. आंत्रे म्हणजे एंट्री, एंट्री म्हणजे प्रवेश, म्हणजे जेवणाच्या सुरुवातीचं काहीतरी. सूप तर घेतलंच आहे, उगीच दोन-दोन सुरुवाती कशाला? "नो आंत्रे फॉर मी," मी रुबाबात म्हटलं. अर्ध्या तासानं सगळ्यांपुढे भरलेल्या थाळ्या आल्या. माझ्यापुढे रिकामी वाटी. मी मुख्य जेवणाची वाट पाहत होते आणि तेच मी नको म्हणून बसले होते. अमेरिकेत आंत्रे म्हणजे मुख्य पदार्थ. जुन्या फ्रेंच मेजवानीत भाजलेल्या मांसाच्या मोठ्या थाटाआधी जो गरम मांसाचा पदार्थ यायचा तो आंत्रे. फ्रेंचांनी त्यातलं 'आधी' तेवढं जपलं, अमेरिकनांनी 'मांसाचा भरभक्कम पदार्थ' जपला. माझ्या नशिबी ब्रेडच्या टोपलीतला पाव. बाबांचं यावरचं मत असं, की तर्क माझाच बरोबर होता, देश चुकला. पुढे मेलबर्नला राहणाऱ्या मावसभावानं सांगितलं की ऑस्ट्रेलियात आंत्रे म्हणजे सुरुवातीचाच पदार्थ. तेव्हा बाबांना एखादी केस जिंकल्यासारखं झालं.

'नॉनव्हेज'चं तर विचारूच नका. "आय डोन्ट ईट नॉनव्हेज" हे वाक्य भारतात चहावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना समजतं. अटलांटातल्या एका वेटर पोरानं ते मनातल्या मनात सोडवायला घेतलं. डोन्ट म्हणजे वजा, नॉन म्हणजे वजा, वजा-वजा अधिक. म्हणजे ही फक्त भाज्या खात नाही की फक्त भाज्या खाते? त्याच्या चेहऱ्यावर ते गणित चाललेलं मला दिसत होतं. हा शब्द आपण घडवला, आपल्या पाकिटांवरच्या हिरव्या-तांबड्या खुणांसकट. तो आपल्या वेशीबाहेर फारसा जात नाही. 'पार्सल' म्हटलं तर पोस्ट ऑफिसचा रस्ता दाखवतील. तिथे 'टू गो' म्हणायचं, इंग्लंडमध्ये 'टेकअवे'. आणि अंडं त्यांच्या शाकाहारात बिनदिक्कत चालतं. मासे चालतात असं समजणारेही भेटले.

या सगळ्यात सुखाचा एकच धक्का. न्याहारीच्या पाट्यांवर कित्येक महिने एक शब्द दिसायचा, 'ग्रिट्स'. ग्रिट म्हणजे कचकच, वाळू, असंच मला माहीत. कोण खाईल? एका थंडीच्या सकाळी दुसरं काहीच शाकाहारी नव्हतं म्हणून मागवलं. समोर आल्या कण्या. मक्याच्या, पण कण्याच. आजी ज्वारीच्या शिजवायची आणि ताक-मीठ घालून द्यायची, तशाच भरड, तशाच गरम, चमच्याला चिकटणाऱ्या. मी मीठ घातलं, लोणी घातलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा कुठल्या पाटीकडे न बघता खाल्लं. नावामुळे सात महिने तोंड फिरवलं होतं त्यांच्याकडून.

आता वाटतं, मला हे सगळं इतकं नवीन का वाटलं? खरं तर माझी पहिली 'फॉरेन ट्रिप' 1999 सालीच झाली होती. अमरावती ते पुणे.

कर्वेनगरला मुलींच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी काकूंना म्हटलं, "काकू, भाजीवर थोडा सांबार टाका ना." टेबलावर शांतता. काकू म्हणाल्या, "अगं, वांग्याच्या भाजीवर सांबार? इडली असती तर गोष्ट वेगळी." मग मुली हसल्या. आमच्याकडे, सगळ्या विदर्भात, सांबार म्हणजे कोथिंबीर. हिरवा, कोवळा, जुडीनं मिळणारा, वरणावर पडतो तो सांबार. इडलीबरोबर असतं तेही सांबारच, पण कुणाचा कधी गोंधळ होत नाही. घरी आईनं "सांबार आण" म्हटलं तर मी पातेलं घेऊन निघणार नाही, पिशवी घेऊनच निघणार.

दुसऱ्या आठवड्यात काकूंनी कौतुकानं विचारलं, उद्या तुझ्या आवडीचं काय करू? मी म्हटलं, आलूची भाजी. दुसऱ्या दिवशी ताटात हिरवं, आंबट-गोड, शेंगदाणे घातलेलं अळूचं फदफदं. काकूंनी मुद्दाम मंडईतून अळू आणला होता. बटाट्याला आम्ही आलू म्हणतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि मी लाजेनं दोनदा मागून खाल्लं, त्यामुळे पुढची चार वर्षं दर पंधरा दिवसांनी ते खास माझ्यासाठी होत राहिलं. शेवग्याला मुंगना म्हणायचं सोडलं, टमाटरचा टोमॅटो केला, आलूचा बटाटा. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला हे कळल्यावर बाबा म्हणाले, "मंग परदेशी शब्द कोणाचा? त्यांचा का आपला?"

पुढे लग्न झालं ते कोल्हापूरच्या मुलाशी. त्यामुळे घरात पोळीला चपाती, तर्रीला कट आणि पुण्यात शिकल्याच्या पापामुळे त्याच तर्रीला मधूनमधून सॅम्पल असंही म्हटलं जातं. मिसळ एक, भांडणं तीन.

तर इतका अनुभव गाठीशी असून मी अटलांटात घसरले. याचं एक कारण मला हळूहळू सापडलं. नंतर आम्ही इटलीत फिरलो, एकदा कामासाठी जपानला गेले. तिथे मला ओ की ठो कळत नव्हतं आणि एकदाही उपाशी राहिले नाही. कारण तिथे मी विचारत होते. चित्र काढून, खुणा करून, फोनवर शब्द दाखवून, दोनदा, तीनदा. अडाणी असण्याची मुभा होती. अटलांटात आणि नंतर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला ती मी मलाच दिली नाही. इंग्रजी मास्तरांची मुलगी 'बिस्किट म्हणजे काय हो?' असं विचारणार? कर्वेनगरला तरी कुठे विचारलं होतं? आपलीच मराठी, तिथे कसली शंका. शब्द ओळखीचा असला की आपण दार न वाजवता आत शिरतो.

बर्मिंगहॅमला 2010 मध्ये आलो. अमेरिकेतून जे शहाणपण शिकून आले होते ते तिथे पहिल्या आठवड्यात निकामी झालं. चिप्स मागितले तर गरमागरम बटाट्याच्या जाड फोडी. पाकिटातले वेफर्स हवेत तर 'क्रिस्प्स' म्हणायचं. अमेरिकेत कोथिंबिरीच्या जुडीला सिलँट्रो आणि फक्त धण्यांना कोरिअँडर म्हणायला शिकले होते, इथे पानं आणि धणे दोन्ही कोरिअँडर. लेमोनेड म्हटलं की लिंबू-साखर-पाणी येईल या आशेवर होते, आला सोडा. स्क्वॉश अमेरिकेत भोपळ्याच्या कुळातली भाजी होती, इथे ते आपल्या लहानपणीच्या ऑरेंज स्क्वॉशसारखं सरबत निघालं, तेवढंच माहेरचं. झुकिनीला कोर्जेट म्हणायचं. पहिला शब्द इटलीचा, दुसरा फ्रान्सचा आणि दोन्हींचा अर्थ 'छोटा भोपळा'.

नवऱ्यानं एकदा दहीभातासाठी दुकानातून 'लेमन कर्ड' आणलं. कर्ड म्हणजे दही, लेमन म्हणजे जरा लिंबाचा स्वाद असेल, उन्हाळ्याचं बरंच. बाटली उघडली तर पिवळंधमक आणि घट्ट. "इकडच्या गाईंचं दूध पिवळंच असतं," हे कोल्हापूरकरांचं दूधशास्त्र. भात कालवला, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी पडली. लेमन कर्ड म्हणजे लिंबाचा रस, साखर, लोणी आणि अंडी आटवून केलेलं गोड प्रकरण, पावाला लावायचं. त्यानं तो भात पूर्ण संपवला. पैसे दिलेत म्हणाला. चव कशी होती हे आजतागायत सांगितलेलं नाही.

माझं ऑफिस कॉव्हेंट्रीला होतं, घर बर्मिंगहॅमला. अंतर तीसेक किलोमीटर. कॉव्हेंट्रीच्या कँटीनमध्ये गोल पावाला 'बॅच' म्हणायचे. घराजवळ तोच 'कॉब'. मँचेस्टरहून बदलून आलेला सहकारी त्याला 'बार्म' म्हणे आणि आणखी कुणी 'बॅप'. यावरून तिथले लोक आपल्या चपाती-पोळीइतक्याच पोटतिडकीनं भांडतात. बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तुझे दहाच कोस झाले." या पावात लोणी लावून, चिप्स भरून, मीठ आणि व्हिनेगर शिंपडून खातात. पावात बटाटा! वडापावाची आठवण काढत मी तो आनंदानं खायला लागले. मग कुणीतरी सांगितलं, तळण कशात आहे ते विचारत जा. मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, आणि उत्तरेकडे काही दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात. तेव्हापासून दारातूनच विचारते, "व्हेजिटेबल ऑइल?" आता लाज वाटत नाही. चरबीच्या भीतीनं जाते ती लाज.

2012 च्या उन्हाळ्यात बाबा-आई आले. आईनं दोन दिवसांत जवळच्या भाजीवाल्या पंजाबी आजींशी दोस्ती केली आणि तिचा प्रश्न मिटला. बाबांचा प्रश्न तात्त्विक होता. सुपरमार्केटमध्ये त्यांनी चष्मा वर करून वांग्याची पाटी वाचली. ऑबर्जीन. पुन्हा वाचली. मला म्हणाले, "ब्रिंजल कुठाय?" मी म्हटलं, बाबा, इथे ब्रिंजल म्हणत नाहीत. अमेरिकेत एगप्लँट म्हणतात, पूर्वी युरोपात अंड्यासारखी पांढरी छोटी वांगी यायची म्हणून. इथे ऑबर्जीन. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. रागावले नाहीत. तेहेतीस वर्षांच्या वह्या कुणीतरी परत तपासायला मागितल्यासारखे उभे होते.

त्या शनिवारी आम्ही त्यांना शहरातल्या बाल्टी हॉटेलांच्या भागात नेलं. बर्मिंगहॅममध्ये 1970 च्या दशकात तिथल्या पाकिस्तानी-काश्मिरी हॉटेलवाल्यांनी पातळ पत्र्याच्या छोट्या कढईत झटपट शिजवून त्याच कढईत वाढायची पद्धत रूढ केली. त्या जेवणाचं नाव बाल्टी. बाबांनी पाटी वाचून विचारलं, "आंघोळीचं की जेवणाचं?" आत जाऊन मेन्यू हातात घेतला आणि खिशातलं पेन काढलं. मास्तरांच्या हातात छापील कागद आणि पेन एकत्र आलं की घरच्यांनी पाणी मागवून ठेवावं.

मेन्यूत 'अनियन भाजी' होती, ती म्हणजे आपली कांदाभजी. दोन ओळी खाली 'मश्रूम भाजी', ती मात्र खरोखरच भाजी. भजी आणि भाजी दोन्ही इंग्रजीत एकाच स्पेलिंगात कोंबलेल्या. काना-मात्रेची पत्रास नाही. बाबांनी एकीच्या 'भा'चा काना मनातल्या मनात खोडला. 'मद्रास' हे शहर नसून तिखटाची पायरी आहे, खाली कोर्मा, मध्ये मद्रास, वर विंदालू आणि सगळ्यात वर 'फाल' नावाचा जाळ, हे नवऱ्यानं समजावलं. विंदालूवर बाबांचं बोट थांबलं. "हे शाकाहारी असेल. आलू आहे ना यात." विंदालूतला आलू म्हणजे बटाटा नव्हे. पोर्तुगीज 'आल्यु', लसूण. व्हिनेगर आणि लसणातलं मांस, गोव्यातून निघालेलं. मी हे सांगेपर्यंत वेटर आला आणि म्हणाला, "जी साब, आलू है." विलायतेतल्या हॉटेलांनीही तो शब्द ऐकून त्यात बटाटे टाकायला सुरुवात केली होती. अमरावतीच्या मास्तरांनी आणि बर्मिंगहॅमच्या आचाऱ्यांनी एकच चूक केली, आणि त्यांची चूक शिजून ताटात येत होती. बटाट्याबरोबर मटणही होतंच, म्हणून ते राहिलं.

मग तिसऱ्या पानावर बाबांना ते सापडलं. छापलेलं होतं, 'ब्रिंजल भाजी'.

"ब्रिंजल," बाबा मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या जोडप्यानं वळून पाहिलं. बाबांनी त्यांना मेन्यू दाखवला. "ब्रिंजल. युअर कंट्री." त्या गृहस्थांनी मान डोलावली, म्हणाले, हो, भाजीच्या दुकानात ऑबर्जीन पण करी हाऊसमध्ये ब्रिंजलच म्हणतो आम्ही. ब्रिंजलचं लोणचंही मिळतं. बाबांनी दोन प्लेट मागवल्या. खाऊन झाल्यावर म्हणाले, "मसाला काही खास नाही. शब्द चांगला आहे."

घरी येऊन मी इंटरनेटवर वांग्याची वंशावळ काढली. आपल्या संस्कृतातलं वातिंगण फारसीत गेलं, तिथून अरबीत 'बादिंजान' झालं. अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालला पोचलं. एका वाटेनं कॅटलानमधून फ्रेंचात जाऊन ऑबर्जीन झालं. दुसऱ्या वाटेनं पोर्तुगिजांचं 'बेरिंजेला' होऊन जहाजातून भारतात परतलं आणि साहेबानं त्याचं ब्रिंजल केलं. म्हणजे सुपरमार्केटची पाटी आणि हॉटेलचा मेन्यू ही सख्खी भावंडं. बाबांनी हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक लांब वही आणली, हिशेबाला असते तशी. आडव्या ओळी, उभे रकाने. अमरावती, पुणे, अटलांटा, बर्मिंगहॅम. एक रकाना मेलबर्नसाठी मोकळा सोडला आणि मावसभावाला फोन लावायला सांगितला.

मेलबर्नचा रकाना त्यानं महिनाभरात भरून दिला. ढोबळी मिरची तिथे कॅप्सिकमच, म्हणजे बाबा बरोबर. टोमॅटो केचपला तिथेही आपल्यासारखं टोमॅटो सॉस म्हणतात. अमेरिकेत त्याच शब्दाला पास्त्यावर घालायचा सॉस येतो. बटाट्याचे काप पिठात बुडवून तळले की मेलबर्नला 'पोटॅटो केक', सिडनीला त्यालाच 'पोटॅटो स्कॅलप'. स्कॅलप हा एक शिंपल्यातला प्राणी, त्यामुळे सिडनीला गेलेला हा शाकाहारी मुलगा दोन दिवस त्या बटाटाभज्यांपासून लांब राहिला. आणि पहिल्या पार्टीच्या आमंत्रणात 'ब्रिंग अ प्लेट' असं लिहिलं होतं म्हणून तो खरोखरच स्टीलची रिकामी ताटली घेऊन गेला होता. तिथे त्याचा अर्थ, येताना एखादा पदार्थ करून आणा. ताटलीवर त्याच्या आजीचं नाव कोरलेलं होतं. यजमानांनी ती भेट समजून ठेवून घेतली!

माझी भर एकच, पण बाबांनी तिच्यावर लाल पेनानं रेघ मारली. अटलांटात शुक्रवारी ऑफिसमध्ये पिझ्झा यायचा. 'पेपरोनी'त पेपर ऐकून मी ढोबळी मिरचीच्या भरवशावर एक तुकडा उचलला होता आणि शेजारच्या मुलीनं माझा हात धरला. ते सॉसेजचे काप असतात. पुढे रोमला तीन दिवस मी 'पेपेरोनी' लिहिलेल्या पिझ्झाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की इटालियनमध्ये पेपेरोनी म्हणजे खरोखरच ढोबळी मिरची. आणि जर्मनीत तोच शब्द लिहिला असेल तर तिखट मिरची. शिवाय इटलीत 'लात्ते' मागितलं तर कॉफी नाही, ग्लासभर दूध देतात. लात्ते म्हणजे दूधच. बाबांनी ते निमूटपणे प्यायलं असतं.

त्या वहीत एक ओळ मला फार आवडते. बाबांचं टाकानं काढल्यासारखं अक्षर. सांबार, कोथिंबीर, सिलँट्रो, कोरिअँडर. मेलबर्नच्या रकान्यात शेजारच्यासारखंच अशी खूण.

2019 च्या दिवाळीत आम्ही भारतात होतो. पुण्यात दोन दिवसांचं काम होतं, बाबा सोबत आले. संध्याकाळी कोथरूडमध्ये, इडलीपासून थालीपीठापर्यंत सगळं मिळतं अशा एका हॉटेलात शिरलो. बाबांनी मेन्यू न बघता विचारलं, "सांबारवडी आहे का?"

वेटर वीस-बावीसचा पोरगा. म्हणाला, "इडली सांबार आहे, वडा सांबार आहे, डोसा आहे."

मी म्हटलं, कोथिंबीर वडी आण. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. शब्दाला शब्द लावला की झालं असं मला इतक्या वर्षांनीही वाटत होतं. सांबारवडी म्हणजे पातळ पारी लाटायची, तिला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला लावायचा, परतलेला सांबार, सुकं खोबरं, खसखस भरायची, घडी घालायची आणि तळायची. मोडली की आतून हिरवागार भुगा सांडतो. कोथिंबीर वडी बेसनात कालवून, उकडून, कापून तळतात. दोघींत जुडी तेवढी सारखी.

वड्या आल्या. खमंग होत्या. बाबांनी एक खाल्ली, दुसरी मोडून आत निरखून पाहिलं.

"चांगली आहे," ते म्हणाले, "पण सांबार जरा कमी आहे."

पलीकडचं टेबल पुसत असलेल्या त्या पोरानं ते ऐकलं. "आणतो ना काका," म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत स्टीलची मोठी वाटी भरून गरम, वाफाळतं सांबार आणून बाबांपुढे ठेवलं. वर शेवग्याची शेंग तरंगत होती. मी त्याला हाक मारणार तेवढ्यात बाबांनी हातानं मला थांबवलं. उरलेली अर्धी वडी उचलली, वाटीत बुडवली, जरा भिजू दिली आणि तोंडात टाकली.

"वेगळीच लागते," बाबा म्हणाले, आणि त्या पोराला अजून एक वाटी आणायला सांगितली.